पन्नाशीनंतरचा ईदचा जोडा

रमजानचा पहिला अशरा, म्हणजे पहिले दहा रोजे, संपत आले की मुस्लिम घरांत ईदच्या खरेदीची यादी निघते. आधी लहान मुलांची नावे, मग कॉलेजात जाणाऱ्या मुलींची, मग यंदाच लग्न होऊन आलेल्या सुनेचे. घरकाम करणाऱ्या मावशींची साडी आणि मशिदीतल्या मुअज्जिनसाहेबांच्या कुर्त्याचे कापडही यादीत असते. सगळ्यात शेवटी अम्मी आणि अब्बांची पाळी येते. तिथे बहुतेक घरांत एकच संवाद होतो. ‘‘मला काय करायचाय नवा जोडा? बकरी ईदचा तसाच नवा पडलाय,’’ असे अम्मी म्हणते. अब्बा म्हणतात, ‘‘आता या वयात आम्हाला कोण बघणार?’’ दोन्ही नावे यादीतून जातात आणि ते पैसे नातीच्या लेहंग्यात मिसळले जातात.

जोडा म्हणजे कपड्यांचा पूर्ण संच. सलवार, कुर्ता आणि ओढणी किंवा कुर्ता, पायजमा आणि वर बंडी. ईदला प्रत्येकाला एक जोडा हवाच, अशी घराघरांत रीत असते. मात्र ही रीत पन्नाशीच्या उंबरठ्यावर अलगद थांबते. ती कोणी हुकूम काढून थांबवलेली नसते. मुलांची शिक्षणे, मुलींची लग्ने, घराचे हप्ते यांत कधीतरी एका वर्षी आईवडिलांचा जोडा राहून जातो. पुढच्या वर्षी तो राहून गेल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग माणूस स्वतःच मानू लागतो की रंग, कट, फिटिंग या गोष्टी आता आपल्यासाठी नाहीत. कपाटात बदामी, राखाडी आणि फिक्कट निळा एवढेच रंग उरतात.

खरे तर चांगले, नव्या धाटणीचे आणि आपल्या पसंतीचे कपडे घालण्यासाठी पन्नाशीनंतरचा काळ सगळ्यात मोकळा असतो. त्याआधीचे कपडे बहुतेकदा दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले असतात. लहानपणी आई, मग शाळेचा गणवेश, मग सासर, मग नोकरीची शिस्त. या साऱ्यातून थोडे बाहेर आल्यावर ‘मला काय शोभते?’ हा प्रश्न विचारायला पहिल्यांदा सवड मिळते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधीच यादीतून नाव खोडून टाकणे हे स्वतःवर अन्याय करण्यासारखे आहे.

नटणे आणि गर्व

साधेपणाच्या नावाखाली अनेक ज्येष्ठ मंडळी स्वतःला मागे ठेवतात. रमजान हा संयमाचा महिना, त्यात कपड्यांचा विचार कसला, असेही म्हटले जाते. पण ईदच्या दिवशी अंघोळ करून, अत्तर लावून, आपल्याकडचे उत्तम कपडे घालून नमाजला जावे, ही शिकवण धर्मातच आहे. तिच्यात वयाची अट कुठेही नाही. माणसाला चांगले कपडे, चांगली पादत्राणे आवडतात, हा गर्व झाला का, असे एकदा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना विचारण्यात आले होते. त्यांनी ते गर्व मानले नाही. सत्य नाकारणे आणि इतरांना तुच्छ लेखणे याला त्यांनी गर्व म्हटले. नीटनेटके दिसण्याची आवड आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची हौस यांत हा फरक आहे. उधळपट्टीला धर्माची मनाई आहेच. त्यामुळे ईदच्या पोशाखाचे दोन निकष आपोआप ठरतात. तो छान असावा आणि ऐपतीत असावा.

नियमाच्या चौकटीत राहूनही किती देखणे कापड विणता येते, याचे उदाहरण आपल्या देशातल्या कारागिरांनी घालून दिले आहे. मुस्लिम पुरुषांना निव्वळ रेशीम वापरण्याची परवानगी नाही. मग विणकरांनी मश्रू नावाचे कापड विणले. त्याच्या बाहेरच्या बाजूला रेशमाची चकाकी आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. मश्रू या शब्दाचा अर्थच ‘शरियतने परवानगी दिलेले’ असा आहे. औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे हिमरूही सूत आणि रेशीम एकत्र विणून होते. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर आलेल्या विणकरांनी ही कला इथे रुजवली, असे सांगितले जाते. वेलबुट्टीच्या हिमरूच्या शेरवान्या आणि शाली वापरणारे लोक काही विशी-पंचविशीचेच नव्हते. घरातल्या आणि दरबारातल्या वडीलधाऱ्यांचाच तो पोशाख होता. ‘म्हातारपणी फिक्कट कपडे’ ही समजूत दख्खनच्या जुन्या रिवाजातली नव्हे, ती बरीच अलीकडची आहे.

तेहतीस वर्षांनी आलेला तोच रमजान

चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान दरवर्षी थोडा अलीकडे सरकतो आणि तेहतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा त्याच जागी येतो. १९९३ साली रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झाला होता. २०२६ सालीही तो तेव्हाच आला. तेव्हा बावीस वर्षांची असलेली मुलगी आज पंचावन्नची आहे. ऋतू तोच, रोजा साधारण तितक्याच तासांचा, ईदही मार्चच्या उन्हात. बदलले आहे ते शरीर.

अनेकांची चूक इथेच होते. काही जण बाविसाव्या वर्षीचेच माप आणि तीच धाटणी धरून बसतात. ‘मी नेहमी एवढ्याच लांबीचा कुर्ता घालते’ किंवा ‘माझे शर्ट चाळीस नंबरचेच’ असे ते सांगतात. काही जण याच्या उलट करतात. अंग झाकले जावे म्हणून दोन नंबर मोठे, ढगळ कपडे घेतात. पहिल्यात माणूस आवळल्यासारखा दिसतो, दुसऱ्यात कपड्यांत हरवल्यासारखा. दोन्हींत वय आहे त्यापेक्षा जास्तच दिसते.

पन्नाशीनंतर खांदे किंचित पुढे झुकतात, कंबर भरते, दंड आणि मान यांचा आकार बदलतो, पाऊल थोडे पसरते. यात लाजण्यासारखे काही नाही. ही फक्त शिंप्याला सांगायची माहिती आहे. म्हणून पहिले काम म्हणजे नवे माप देणे. वहीतले दहा वर्षांपूर्वीचे माप चालणार नाही. मास्टरजींसमोर उभे राहून खांदा, मुंढा, छाती, कंबर, बाही आणि लांबी पुन्हा मोजून घ्यावी. या सगळ्यात खांदा महत्त्वाचा. कुर्त्याची शिवण खांद्याच्या हाडावर नेमकी बसली की बाकीचा कुर्ता सैल असला तरी रेखीव दिसतो. ती दंडावर उतरली की उत्तम कापडही उसने आणल्यासारखे वाटते. मुंढा फार खोल नसावा. तो खोल असेल तर हात उचलताना पूर्ण कुर्ता वर चढतो आणि नमाजमध्ये तर हे पावलोपावली जाणवते.

ईदचा पोशाख नुसता उभे राहून फोटो काढण्यासाठी नसतो. त्यात नमाज पढायची असते, रुकू आणि सजदा करायचा असतो, नातेवाइकांच्या घरी दस्तरखानावर मांडी घालून बसायचे असते, जिने चढायचे असतात. तेव्हा कपडे निवडताना दुकानातल्या आरशासमोर नुसते उभे राहून पाहू नये. खाली वाकून, बसून, हात वर करून पाहावे. गुडघे दुखत असतील तर चुडीदारपेक्षा सरळ पायजमा किंवा सैल पॅन्ट सोयीची. रजोनिवृत्तीच्या काळात अनेक स्त्रियांना अचानक उकाडा जाणवतो, दरदरून घाम येतो. त्यांच्यासाठी सिंथेटिक जॉर्जेट आणि त्याखाली जाड अस्तर म्हणजे शिक्षाच. मलमल, सुती चिकन, चंदेरी, महेश्वरी अशी श्वास घेणारी कापडे चांगली. वर हलके जॅकेट किंवा मोठा दुपट्टा असला की हवे तेव्हा काढता-घालता येतो आणि पेहरावालाही उठाव येतो.

रंगांशी पुन्हा ओळख

फॅशनचे अर्धे काम रंग करतो. पन्नाशीनंतर त्वचेचा आणि केसांचा रंग बदलतो. त्यामुळे पूर्वी खुलणारा रंग आता उदास दिसू शकतो आणि पूर्वी कधी न वापरलेला रंग अचानक खुलून दिसतो. हे ओळखण्याची रीत सोपी आहे. दिवसा खिडकीपाशी आरसा धरावा आणि चेहऱ्याजवळ वेगवेगळ्या ओढण्या किंवा कापडाचे तुकडे लावून पाहावेत. कोणत्या कापडाने चेहरा उजळतो आणि कोणत्याने डोळ्यांखालची वर्तुळे गडद होतात, हे मिनिटभरात कळते. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांत मात्र हे कळत नाही. तिथे सगळेच छान दिसते.

मराठीत रंगांना किती सुंदर नावे आहेत. अंजिरी, डाळिंबी, मोरपंखी, गुलबक्षी, चिंतामणी, अबोली. राखाडी होत चाललेल्या केसांवर डाळिंबी किंवा मोरपंखीसारखे भरलेले रंग खुलतात. ज्यांना एकदम गडद रंगाचा संकोच वाटतो, त्यांनी सुरुवात ओढणीपासून किंवा हिजाबच्या स्कार्फपासून करावी. जोडा मोतिया रंगाचा आणि ओढणी गुलबक्षी, एवढ्यानेही चेहरामोहरा बदलतो. अबायातही आता फक्त काळा रंग राहिलेला नाही. गर्द निळा, मेंदी, वाइन, कॉफी असे रंग आणि साधे, सरळ कट बाजारात दिसतात. मण्यांची आणि खड्यांची भरगच्च नक्षी असलेल्या अबायापेक्षा उत्तम कापडाचा, बरोबर लांबीचा साधा अबाया अधिक रुबाबदार दिसतो.

केसांचा प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाने सोडवावा. मेंदी लावण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अनेक जण निव्वळ काळा कलप टाळून मेंदीचा तांबूस रंग पसंत करतात. पण पांढरे केस तसेच ठेवणेही आता फॅशनबाह्य राहिलेले नाही. मुंबईत राहणाऱ्या अभिनेत्री झीनत अमान यांनी २०२३ च्या फेब्रुवारीत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, इन्स्टाग्रामवर पाऊल ठेवले. १९७० च्या दशकात ज्यांच्या कपड्यांची नक्कल देशभर झाली, त्या झीनत चंदेरी केस न लपवता, सुटसुटीत कपड्यांत आणि मोठ्या चष्म्यात समोर आल्या. नव्या पिढीने त्यांना पुन्हा डोक्यावर घेतले ते त्या जुन्या दिवसांसारख्या दिसत होत्या म्हणून नव्हे. त्या आजच्या झीनत दिसत होत्या, ते लोकांना भावले.

आपली एक खूण

‘तरुण दिसणे’ म्हणजे मुलाच्या कपाटातला फाटका जीन्स चढवणे किंवा नातीच्या मापाचा टॉप घालणे नव्हे. कॉलेजातल्या मुलांची फॅशन दर सहा महिन्यांनी बदलते. त्यांच्यामागे धावणारा माणूस दमलेला दिसतो. पन्नाशीनंतर फॅशनचा विचार वेगळ्या बाजूने करावा लागतो. आपली एक खूण ठरवायची आणि ती नेटाने जपायची.

मकबूल फिदा हुसेन यांचे उदाहरण घेता येईल. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची पोस्टरे रंगवत मोठ्या झालेल्या या चित्रकाराने पन्नाशीच्या तोंडावर पादत्राणे सोडली. १९६४ मध्ये कवी गजानन माधव मुक्तिबोध यांच्या निधनानंतर त्यांनी हे केल्याचे सांगितले जाते. पुढे अखेरपर्यंत पांढरी दाढी, उत्तम शिवलेला सूट किंवा कुर्ता, हातात काठीसारखा लांब ब्रश आणि अनवाणी पाय ही त्यांची ओळख राहिली. १९८८ मध्ये मुंबईतल्या एका क्लबने अनवाणी असल्यामुळे त्यांना प्रवेश नाकारला, त्याचीही बातमी झाली. सर्वांनी चपला सोडाव्यात असा याचा अर्थ नाही. सूट तर अनेकांकडे असतात. हुसेन यांची आठवण राहते ती त्या एका खुणेमुळे. मुंबईत जन्मलेल्या गायिका उषा उत्थुप यांनी कांजीवरम साडीखाली स्पोर्ट्स शूज घातले आणि तीच त्यांची खूण झाली. पायाला आराम आणि नजरेला गंमत, दोन्ही एकाच वेळी साधले.

सामान्य माणसाची खूण इतकी धाडसी असायची गरज नाही. कोणाची ती हाताने विणलेली टोपी असेल, कोणाची चष्म्याची जाड, तपकिरी फ्रेम. कोणी कायम खसचे किंवा मोगऱ्याचे एकच अत्तर वापरेल. एखाद्या खालाजानच्या हातात आईच्या चांदीच्या बांगड्या आणि साधा सुती जोडा, एवढेच पुरे असते. चष्मा तर चाळिशीनंतर जवळपास प्रत्येकाला लागतोच. तो औषधासारखा नाइलाजाने घालण्यापेक्षा चेहऱ्याला शोभेल अशी फ्रेम निवडून घातली तर तोच सगळ्यात स्वस्त दागिना ठरतो.

अब्बांच्या कपाटातही डोकावावे

पुरुषांची कपाटे तर आणखी उदास असतात. नोकरीत तीस वर्षे वापरलेले फिक्कट चौकटीचे शर्ट, टेरिकॉटच्या पँटी आणि ईदसाठी एक पांढरा कुर्ता-पायजमा, जो धुऊन धुऊन पिवळसर झालेला असतो. पांढरा रंग पसंतीचा आहे, सुन्नतही मानला जातो. मग तो खरोखर पांढरा असावा. चांगल्या सुती कापडाचा, कडक इस्त्रीचा, पोटावर ताणला न जाणारा आणि गुडघ्याच्या थोडा खाली येणारा पांढरा कुर्ता हा पन्नाशीनंतरच्या पुरुषाचा सर्वांत देखणा पोशाख आहे. त्यावर अंजिरी, बाटली हिरव्या किंवा गर्द निळ्या रंगाची बंडी घातली की दहा वर्षे कमी झाल्यासारखी वाटतात. बंडीची बटणे लागली पाहिजेत, एवढे मात्र पाहावे. न लागणारी बंडी उघडी ठेवून मिरवणे कोणालाच शोभत नाही.

पायजमा पायघोळ असला तर घोट्यापाशी चुण्या पडतात आणि उंची कमी दिसते. घोट्याच्या किंचित वर थांबणारा पायजमा रेखीव दिसतो. धार्मिक शिस्तीतही तसाच घालण्यावर भर दिला जातो. पायात कोल्हापुरी असो वा मोजडी, तिला पॉलिश हवे आणि टाचेची झीज भरून घेतलेली हवी. पाऊल दुखत असेल तर एकरंगी, साध्या बनावटीचे स्नीकरही कुर्ता-पायजम्याखाली छान दिसतात. दाढी ठेवणाऱ्यांनी ईदच्या आधी ती नीट विंचरून, कडा सारख्या करून घ्याव्यात. दाढी आणि केस नीट राखावेत, विस्कटलेले ठेवू नयेत, हीही पैगंबरांचीच शिकवण आहे.

खर्चाचे गणित

ही सगळी हौस श्रीमंतांची, असे वाटू शकते. प्रत्यक्षात पन्नाशीनंतरची चांगली फॅशन कमी कपड्यांत होते. समजा, एक कुर्ता नऊशे रुपयांना घेतला आणि तो मनासारखा बसत नाही म्हणून दोनदाच घातला. तर दर खेपेला साडेचारशे रुपये पडले. दुसरा कापड आणून दोन हजारांत शिवून घेतला आणि वर्षभरात वीस वेळा घातला, तर दर खेपेला शंभरच रुपये झाले. स्वस्त म्हणून घेतलेला कुर्ताच महाग पडला.

त्याहून स्वस्त मार्ग आपल्याच ट्रंकेत असतो. लग्नातली बनारसी, आईची जुनी पैठणी, कधीकाळचा हिमरूचा तुकडा. जर शाबूत असेल आणि मधले कापड विरले असेल, तर काठ-पदर काढून त्याचा दुपट्टा, बंडी किंवा कुर्त्याच्या बाह्या होतात. ढगळ कुर्ते आत घेता येतात, फार लांब झालेले आखूड करता येतात. रफू आणि दुरुस्तीला नव्या जोड्याच्या मानाने फारच कमी पैसे लागतात. मुंबईचे मंगलदास मार्केट, सोलापूरच्या विजापूर वेशीचा रमजानमधला मीना बाजार किंवा आपल्या गावातली जुनी कापड पेठ, अशा ठिकाणी कापड हातात घेऊन, चुरगळून, उजेडात धरून पाहता येते. तयार कपड्यांच्या दुकानात टांगलेले कपडे वीस-पंचवीस वर्षांच्या मापाने कापलेले असतात. पन्नाशीच्या अंगाला शिंपीच बरा.

शिंप्यांचे वेळापत्रक मात्र पाळावे लागते. पंधराव्या-सोळाव्या रोज्यापर्यंत बहुतेक शिंप्यांकडे ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागते. म्हणून ज्येष्ठांचे माप आधी द्यावे, मुलांचे तयार कपडे शेवटच्या आठवड्यातही मिळतात. यादीतला क्रम उलटा केला की निम्मे काम होते. नको असलेले, पण धडके कपडे धुऊन, इस्त्री करून याच महिन्यात गरजूंना द्यावेत. जे स्वतःला घालवणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये, एवढे भान ठेवले की कपाटही मोकळे होते आणि पुण्यही पदरी पडते.

जिचा रंग दुसऱ्यांनी काढून घेतला

या विषयाची एक बाजू हौसेच्या पलीकडची आहे. पन्नाशीनंतर अनेक स्त्रियांच्या वाट्याला वैधव्य येते. इस्लाममध्ये पतीच्या निधनानंतर स्त्रीने चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची असते. त्या काळात ती साजशृंगार करत नाही. ती मुदत संपली की ही बंधनेही संपतात. ती रंगीत कपडे घालू शकते, दागिने घालू शकते, पुन्हा निकाहदेखील करू शकते. पैगंबरांशी विवाह झाला तेव्हा हजरत खदीजा या स्वतः विधवा होत्या.

नियम इतका स्पष्ट असूनही मराठवाड्यापासून कोकणापर्यंत अनेक मुस्लिम घरांत विधवेच्या हातातल्या काचेच्या बांगड्या जातात, गळ्यातली काळी पोत उतरते आणि अंगावर पांढरे किंवा मळकट रंग येतात ते कायमचेच. हे धर्माने सांगितलेले नाही. शेजारपाजारच्या समाजात जे चालत आले ते इथेही रुजले. शेजारपाजारी आता ते बदलू लागले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही तसे करावे असे परिपत्रक काढले. ज्यांच्या धर्मग्रंथातच चार महिने दहा दिवसांची मर्यादा आखून दिलेली आहे, त्यांना तर कोणत्याही ठरावाची वाट पाहायचे कारण नाही.

अशा घरात ईदच्या दिवशी आई डाळिंबी जोडा घालून बाहेर आली, तर कोणीतरी कुजबुजेल. ‘आता या वयात?’ या तीन शब्दांमागे तेव्हा ‘आणि नवरा गेल्यावर?’ हा न बोललेला प्रश्न असतो. तिला या कुजबुजीला एकटीने तोंड द्यावे लागू नये. हे काम घरच्यांचे आहे. मुलाने किंवा सुनेने सर्वांसमोर ‘अम्मी, आज फार छान दिसताय’ एवढे म्हटले तरी कुजबुजणाऱ्यांची तोंडे बंद होतात. दीर-जावा, नणंदा यांनी पुढाकार घेतला तर आणखी चांगले. अनेक घरांत मोहल्ल्याच्या बोलण्यापेक्षा घरातल्यांचे मौनच जास्त लागते.

विचारून आणलेला जोडा

मुले कमावती झाली की ती आईवडिलांसाठी कपडे आणतात, हे कौतुकाचेच. पण आणतात काय? ‘अम्मीसाठी काहीतरी लाइट कलरमध्ये दाखवा,’ असे दुकानदाराला सांगितले जाते आणि तोही सवयीने बदामी रंगाचा गठ्ठा पुढे करतो. अम्मी दुवा देते, कापड कपाटात ठेवते आणि पुढच्या वर्षी कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकते. मुलांना वाटते, तिला कशाचीच हौस नाही. तिला फक्त कोणी विचारलेले नसते.

तेव्हा यंदा कापड आणण्याआधी विचारावे. इफ्तारनंतर, तरावीहला जाण्याआधीच्या त्या निवांत अर्ध्या तासात अम्मीजवळ बसावे. ‘तुम्हाला कोणता रंग आवडतो?’ एवढेच विचारावे. पहिले उत्तर बहुधा ‘काहीही चालेल’ असेच येईल. तीस वर्षांत कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एका दमात येत नाही. पुन्हा विचारावे. मग लग्नाआधीचा एखादा मोरपंखी जोडा आठवेल, त्याची ओढणी कशी होती, तो कोणत्या मास्टरजींनी शिवला होता, कोणत्या ईदला घातला होता, हे सगळे निघेल. ते ऐकून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी अम्मीलाच बरोबर घेऊन कापड पेठेत जावे. अब्बांनाही सोडू नये. त्यांच्या बंडीचे माप त्याच फेरीत द्यावे.

शिंप्याकडे अजून ‘ऑर्डर बंद’ची पाटी लागलेली नाही.